होमलेस वर्ल्ड कप: आठ जण जातात, बाकीच्यांचं काय?

"बाई, संस्थेवाले म्हनते पोट्टीले फॉरेनले खेळाले नेतो. पाठवू काय?"

नागपुरातल्या कितीतरी आयांनी मला हे विचारलंय. मी खेळाची शिक्षिका. वस्तीतली मुलं जिथे येतात अशा एका अनुदानित शाळेत नोकरी केली, आता निवृत्त झाले. तरी प्रश्न येतच राहतात, आणि रस्त्यात उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून या प्रकारातली जी स्पर्धा मी स्वतः बसून पाहिली, तिच्याबद्दल नीट लिहिते. वाचून ज्याने त्याने ठरवावं.

स्पर्धेचं नाव होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे बेघर आणि वंचित माणसांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा. 2019 मध्ये 27 जुलै ते 3 ऑगस्ट या आठवड्यात ती वेल्समध्ये, कार्डिफच्या ब्यूट पार्कात झाली. माझी मुलगी तेव्हा तिथे नोकरीला होती. मी तिच्याकडे गेले होते ती आराम करायला, पण या स्पर्धेचं कळल्यावर रोज सकाळी डब्यात पोहे भरून पार्कात जाऊन बसू लागले.

आधी प्रेक्षक म्हणून सांगते. प्रवेश फुकट, तिकीट नाही की पास नाही. ब्यूट पार्क कार्डिफच्या किल्ल्याला लागून आहे, एका अंगाने टॅफ नदी वाहते, आणि रेल्वे स्टेशनवरून माझ्यासारखी गुडघे दुखणारी बाईही चालत जाऊ शकते. मैदान इतकं लहान की शेवटच्या बाकावरूनही खेळाडूचा चेहरा दिसतो. मधूनच सर येते, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, मागच्यांना दिसायला अडचण होत नाही. पुरुषांचे आणि महिलांचे सामने एकापाठोपाठ एक चालू असतात, त्यामुळे रिकामं बसावं लागत नाही. ध्वनिक्षेपकाचा आवाज मात्र मला फार वाटला. दोन सामन्यांमध्ये कानाला जरा विसावा हवा होता.

आता खेळ. इथे माझ्यातली पीटीची बाई फार खूश झाली. मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, भोवती फळ्यांचं कुंपण, चेंडू फळीवर आपटून परत आत येतो. एका बाजूला चारच खेळाडू, तीन मैदानात आणि एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. गोलकीपरने आपल्या चौकटीबाहेर यायचं नाही. उरलेल्या तिघांपैकी दोघांनीच बचावाला मागे यायचं, तिसऱ्याने समोरच्या अर्ध्यातच थांबायचं. या एका नियमाने सगळा खेळ उघडा होतो. हल्ला करणारे तीन, अडवणारे दोन, म्हणजे कच्च्या संघालाही गोल करायची संधी मिळतेच. बरोबरी झाली तर पेनल्टीवर निकाल लागतो. तेव्हा जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्यालाही एक. आडदांडपणा केला तर निळं कार्ड, दोन मिनिटं बाहेर.

ज्याने हे नियम बसवले त्याला खेळणाऱ्यांची पूर्ण जाण असणार. तिथे खेळायला येतात ती माणसं म्हणजे रस्त्यावर राहिलेली, निर्वासित म्हणून आश्रय मागणारी, व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणारी, वस्त्यांत वाढलेली. कुणाचा दम कमी, कुणाचं पोट सुटलेलं, कुणी चाळिशी ओलांडलेला. त्यांना नव्वद मिनिटं मोठ्या मैदानावर पळवलं असतं तर ती निव्वळ फजिती झाली असती. चौदा मिनिटांत मात्र प्रत्येकाला आपल्यातला उत्तम खेळ काढून दाखवता येतो. आपल्याकडच्या बास्केटबॉलच्या कोर्टावर, समाजभवनासमोरच्या सिमेंटच्या चौकात हा खेळ जसाच्या तसा खेळता येईल. मी बसल्या बसल्या आमच्या शाळेचं अंगण मनातल्या मनात मोजून घेतलं.

दुसरी गोष्ट, इथे कुठलाच संघ दोन सामने हरून घरी जात नाही. पहिल्या गटफेरीनंतर ताकदीप्रमाणे नवे गट पडतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत सगळे खेळतात, प्रत्येक पातळीवर वेगळा चषक असतो. त्या वर्षी पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही मुख्य चषक मेक्सिकोने नेले. आपल्या शालेय स्पर्धांत तालुक्याला सकाळी आठला पोचायचं, साडेआठला हरायचं आणि दहाच्या एसटीने परत यायचं, हे मी पोरांबरोबर नोकरीभर सोसलं आहे. वर्षभर घाम गाळणाऱ्या मुलाला अर्ध्या तासाचा खेळ मिळतो. ब्यूट पार्कात तळाच्या गटातल्या सामन्यालाही बाकं भरलेली होती आणि शेवटच्या क्रमांकाच्या संघाने गोल केला की सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. भारताचा सामना असला की मी "मारा रे पोट्टेहो!" म्हणून ओरडत होते. शेजारच्या वेल्श बाईंना काही कळत नव्हतं, तरी त्या माझ्याबरोबर ओरडत होत्या.

आयोजनाच्या पैशांबद्दल एक गोष्ट पुढे 2021 मध्ये वाचली, ती इथे सांगायलाच हवी. कार्डिफची स्पर्धा आणण्यात वेल्सचे अभिनेते मायकल शीन यांचा मोठा वाटा होता. ऐनवेळी पैशांची जुळवाजुळव कोलमडली तेव्हा त्यांनी आपली घरं विकून स्पर्धा पार पाडली, हे त्यांनी स्वतः सांगितलं. मी तिथे बसून जो आठवडा पाहिला तो असा उभा राहिला होता, हे वाचून मन भरून आलं.

पण आईच्या प्रश्नाला यात उत्तर नाही. स्पर्धा देखणी आहे, माणसं मायाळू आहेत, ठीक. एका देशाच्या संघात आठच जागा. वस्तीतल्या मैदानावर पंचवीस-तीस पोरं रोज येतात. आठ जण विमानात बसले, बाकीचे मैदानाच्या कडेला उभे राहिले. कुठल्याही परदेशी सहलीची परीक्षा मी या कडेला उभ्या राहिलेल्या मुलांवरून करते. नवव्या मुलाला काय मिळालं, एवढंच विचारते.

हे मी का विचारते ते सांगते. संस्थेचं नाव घेत नाही, काम आता बंद आहे. माझी एक विद्यार्थिनी उत्तम गोलकीपर होती. तिला आणि आणखी काही मुलींना युरोपात क्रीडा देवाणघेवाणीसाठी नेलं. तिथे सामने थोडे, जेवणावळी जास्त. देणगीदारांसमोर उभं राहून आपल्या घराची, वडिलांच्या दारूची कहाणी सांगायची, दुभाष्याने ती इंग्रजीत करायची. परत आल्यावर विमानतळावर हार, वर्तमानपत्रात फोटो. दोन-तीन महिन्यांत प्रकल्पाची मुदत संपली, शिकवणाऱ्याचा पगार थांबला, चेंडूंची जाळी कुलपात गेली. ज्या मुली तिच्यासोबत रोज सराव करायच्या आणि गेल्या नाहीत, त्यांनी येणं सोडलं. पोरगी मला म्हणाली, "बाई, वस्तीत माझ्यासंगं कोनी खेळतच नाही आता." एक चांगला चालणारा संघ त्या सहलीने मोडला. सहल झाली नसती तर त्या मुली निदान दहावीपर्यंत एकत्र खेळल्या असत्या, असं मला आजही वाटतं आणि त्याचा रागही येतो.

म्हणून कार्डिफला माझं सगळं लक्ष एका नियमावर होतं. होमलेस वर्ल्ड कपमध्ये खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुम्ही नाही, दुसरा कुणीतरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे कठोर वाटलं. विचार करत गेले तसं लक्षात आलं की नवव्या मुलाची सोय या नियमातच आहे. यंदा नाही तर पुढल्या वर्षी त्याची पाळी येऊ शकते, कारण यंदाचे आठ जण वाटेतून बाजूला होणारच. आणि जे जाऊन आले त्यांना परत जायचा मोह उरत नाही. खेळाशी नातं टिकवायचं तर शिकवायचं, पंच व्हायचं, पोरांना जमवायचं, हाच मार्ग उरतो.

हे नागपुरात घडलेलं मी पाहिलं आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी 2001 मध्ये पावसात पोरांना तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, ही गोष्ट आता देशभर माहीत आहे. पहिल्याच स्पर्धेला 128 संघ आले होते. खेळ शिकवणारे आम्ही सगळेच तेव्हा थक्क झालो होतो, कारण शाळेच्या स्पर्धेला आठ संघ जमवताना आमची दमछाक व्हायची. पुढे हे काम स्लम सॉकर या नावाने वाढलं, सरांचा मुलगा अभिजीत त्यात उतरला, आणि होमलेस वर्ल्ड कपला जाणारा भारताचा संघ बांधण्याची जबाबदारी याच संस्थेकडे आली. 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कारही या कामाला मिळाला. 2010 मध्ये रिओ द जानेरोला भारताचं नेतृत्व केलेला अखिलेश पॉल पुढे मुलांचा प्रशिक्षक झाला. कर्णधार झाला म्हणून तो मला मोठा वाटतो, पण परत येऊन मैदानावर उभा राहिला म्हणून जास्त मोठा वाटतो.

स्पर्धेचा जन्मही असाच साधा. 2001 मध्ये केपटाउनला रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांची परिषद भरली होती. बेघर माणसं ही पत्रं विकून पोट भरतात. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हराल्ड श्मीड तिथे एकत्र आले. वेगवेगळ्या देशांतल्या या विक्रेत्यांना परस्परांना भेटवायचं कसं, तर सगळ्यांना येणारी एकच भाषा, फुटबॉल. 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात 18 देश पहिल्यांदा खेळले. महिलांची वेगळी स्पर्धा 2008 मध्ये मेलबर्नला सुरू झाली. कोविडची तीन वर्षं गेली, मग सॅक्रामेंटो, सोल आणि ऑस्लो.

आमच्या विदर्भाला या देवाणघेवाणीचं नवल असायचं कारण नाही. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले. 1914 मध्ये आखाडा म्हणून सुरू झालेल्या या मंडळाचं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. आम्हाला शिकवताना सर हे फार अभिमानाने सांगत. ते पथक जग पाहून परतलं आणि मंडळाचं काम पुढे वाढतच गेलं, पिढ्यान् पिढ्या खेळशिक्षक तिथून बाहेर पडले. गेलेली माणसं ज्या संस्थेत परत येतात ती संस्था भक्कम असली की प्रवास सत्कारणी लागतो.

एक अशी देवाणघेवाण आहे जिच्यासाठी कुणाला विमानात बसावं लागत नाही. माझ्या मते नवव्या मुलासाठी सर्वांत मोलाची तीच. कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार 1994 च्या विश्वचषकात चुकून स्वतःच्याच गोलात चेंडू मारून बसला आणि घरी परतल्यावर मेदेयिन शहरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्याच शहरात टोळ्यांत अडकलेल्या मुलांसाठी वेगळ्या नियमांचा फुटबॉल सुरू झाला. मुलं-मुली एकत्र खेळणार, आणि पहिला गोल मुलीने केल्याशिवाय मुलांचे गोल मोजायचे नाहीत. यातून पुढे जी पद्धत जगभर गेली तिला फुटबॉल थ्री म्हणतात, म्हणजे तीन डावांचा फुटबॉल. पहिल्या डावात दोन्ही संघ बसून नियम ठरवतात. दुसऱ्यात खेळतात, पंच नसतो. तिसऱ्यात पुन्हा वर्तुळात बसतात, नियम कुणी पाळले, कुणी मोडले ते बोलतात आणि परस्परांना वागणुकीचे गुण देतात. गोल आणि वागणूक, दोन्हींची बेरीज करून निकाल. शिट्टी वाजवणाऱ्याऐवजी एक मध्यस्थ असतो, तो बोलणं चालू ठेवतो.

ही पद्धत वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांच्या जाळ्यातून आपल्याकडे पोचली. मी ती शाळेत सातवीच्या वर्गावर वापरून पाहिली. पहिल्या तासाला पोट्टे नुसते भांडले. पंच नाही म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा फाउल. काही आठवडे हे असंच चाललं. मग एके दिवशी तिसऱ्या डावात एक मुलगी, जी वर्गात तोंड उघडत नसे, उभी राहिली आणि वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या मुलाला म्हणाली, "तू मले आज एकबी पास देला नाही. मी तीनदा मोकळी उभी होते." त्याने मान खाली घातली. पुढच्या सामन्याच्या आधी नियम ठरवताना त्यानेच सांगितलं की गोल मारायच्या आधी चेंडू संघातल्या प्रत्येकाच्या पायाला लागलाच पाहिजे. कोलंबियातल्या रक्तपातातून निघालेली ही गोष्ट. नागपुरातल्या मुरमाच्या मैदानावर एका मुलीला तिने बोलतं केलं, आणि त्यासाठी एक चेंडू व थोडा चुना एवढाच खर्च आला. परदेशी देवाणघेवाणीवर खर्च करणाऱ्यांनी हेही डोळ्यांसमोर ठेवावं.

नैरोबीच्या माथारे वस्तीतली संघटना यात फार पुढे गेलेली आहे. 1987 पासून तिथे साखळी सामन्यांत जिंकल्याचे गुण मिळतात तसे वस्तीतली गटारं आणि कचरा साफ केल्याचेही मिळतात. 1990 पासून त्यांची मुलं नॉर्वे कप या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेला ऑस्लोत खेळायला जात आली. घरी पोरांनी आधी आपली वस्ती झाडली आणि मग ती ऑस्लोला गेली, हा क्रम मला फार आवडतो.

आता होमलेस वर्ल्ड कपमधलं खटकलेलं. खेळाडू किमान सोळा वर्षांचा लागतो. नियमामागचं कारण कळतं. पण मुली खेळ सोडतात त्या तेराव्या-चौदाव्या वर्षी. पाळी सुरू झाली, घरकाम वाढलं, भाऊ म्हणाला मैदानात जायचं नाही. ज्या वयात परदेशाचं नाव ऐकून बाप दोन वर्षं थांबायला तयार होईल, त्या वयात ही स्पर्धा त्या मुलीसाठी काही करू शकत नाही. दुसरं, विमानभाडं ज्या-त्या देशातल्या संस्थेला उभं करावं लागतं. श्रीमंत देशाच्या संघाला ते जड नाही, आपल्याकडच्या संस्थेचं मात्र अर्धं वर्ष त्यात जातं, आणि तोच पैसा वर्षभराच्या प्रशिक्षकांच्या पगारातून वळवला गेला तर नवव्या मुलाचंच नुकसान. तिसरं, व्हिसा. या स्पर्धेत काही संघ केवळ व्हिसा नाकारल्याने पोचू शकले नाहीत, असं झालेलं आहे. वर्षभर तयारी करून दारातून परत फिरणाऱ्या मुलाला काय सांगायचं, याची तयारी संस्थेने आधीपासून करायला हवी. आणि कॅमेरे. मैदानाबाहेर जो तो खेळाडूंना आयुष्यातलं सर्वांत वाईट काय घडलं ते विचारत होता. सामन्यातल्या पासबद्दल विचारणारा मला क्वचितच दिसला. त्या मुलांना आपल्या खेळाबद्दल बोलायची फार हौस असते, एकदा विचारून बघा.

तरीही पाठवू का म्हणून विचाराल तर या स्पर्धेसाठी माझं उत्तर हो आहे. पाचपैकी चार तारे, आणि पाचवा मी सोळाच्या आतल्या मुलींसाठी काही केलं तर देईन. इतर संस्थांबद्दल मात्र आधी चौकशी करा. गेल्या वर्षी गेलेली मुलं आज मैदानावर येतात का, ते संध्याकाळी स्वतः जाऊन बघा. परत आल्यावर प्रशिक्षकाचा पगार किती दिवस चालणार आहे ते विचारा. तिथे किती सामने आणि किती कार्यक्रम, हे कागदावर मागा. मुलीबरोबर बाई कोण जाणार तेही. आणि शिबिरात पंचवीस मुली असतील तर कागदपत्रं किती जणींची काढून देणार, हे नक्की विचारा.

शेवटचा प्रश्न मी जाणूनबुजून घालते. मुलगी निवडली जाते, घरी पेढे वाटले जातात, आणि मग कळतं की तिचं असणंच कागदावर धड नाही. बाळंतपण घरी झालं, नोंद केली नाही. शाळेच्या दाखल्यावर घरातलं लाडाचं नाव, आधारवर दुसरं. आडनावाचं स्पेलिंग बापाच्या कार्डावर वेगळं. घर अतिक्रमणातलं, त्यामुळे पत्त्याचा पुरावा म्हणून काय दाखवायचं. पोलीस पडताळणीला हवालदार येतो तेव्हा आई धुण्याभांड्याला गेलेली. रांचीजवळच्या ओरमांझी भागातल्या खेडेगावातल्या मुली 2013 मध्ये स्पेनला गेल्या आणि गस्तैझ कप या फुटबॉल स्पर्धेत तिसऱ्या आल्या, पण त्याआधी जन्मदाखल्यासाठी गावच्या कार्यालयात त्यांना झाडू मारायला लावल्याचं आणि मारहाण झाल्याचं देशभर छापून आलं होतं. गोल करण्यापेक्षा दाखला मिळवणं त्यांना जड गेलं.

चांगली संस्था म्हणून शिबिरातल्या सगळ्यांचे कागद सरळ करून देते. आठ जणी विमानात बसतात, पण पंचवीस जणींच्या हातात जन्मदाखला येतो. त्यावर पुढे जातीचा दाखला निघतो, शिष्यवृत्ती मिळते, बँकेत खातं उघडतं, आणि लग्न ठरवू पाहणाऱ्या नातेवाइकाला वय दाखवून गप्प करता येतं. नवव्या मुलीच्या पदरात पडणारी ही सर्वांत खरी वस्तू.

तेव्हा कुठल्या आईची पोट्टी आज दहा-बारा वर्षांची असेल आणि मैदानावर पळत असेल, तिने निवडीची वाट बघू नये. जन्माची नोंद नसेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात जन्म-मृत्यू विभागात जाऊन आधी ते विचारून यावं. जन्माला वर्ष उलटून गेलं असलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याला महिने जातात. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार या तिन्हींवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि तारीख एकच करून घ्यावी. अठराच्या आतल्या मुलीच्या पासपोर्टला आई आणि वडील दोघांची संमती लागते. वडील घर सोडून गेले असतील तर एकट्या पालकासाठी वेगळं घोषणापत्र आहे, ते पासपोर्ट कार्यालयात मागावं, नाही म्हणून परत येऊ नये. सोबत लिहिता-वाचता येणारं कुणी नसेल तर शाळेतल्या खेळाच्या बाईंना किंवा सरांना घेऊन जावं. आम्ही येतो.